आधी वस्तू, मग वास्तू : आई-बाबांना आयर्लंड दाखवताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन आठ दिवस डब्लिनला बहिणीकडे येताय. यादीत मठ, किल्ले, संग्रहालयं, बागा अशी बावीस ठिकाणं झाली आहेत. सरकारी हेरिटेज कार्ड (एकदा घेतलं की सरकारी ठिकाणी वेगळं तिकीट नको, असं) घ्यावं की जागोजागी तिकीट काढावं, हे ठरत नाहीये. आईंचा गुडघा दुखतो आणि त्यांना बागा आवडतात. आणि बाबा म्हणतात, "रायगड-राजगड पायी चढलेल्या माणसानं पडक्या भिंती बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?"

मी मूळची साताऱ्याची. गेली चौदा वर्षं डब्लिनमध्ये राहते, आणि भारतातून येणाऱ्या कुटुंबांना इथली जुनी ठिकाणं दाखवणं हेच माझं काम आहे. कार्डाचा हिशेब पुढे सांगतेच. पण तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं आहे ते बाबांचं वाक्य. त्याचं उत्तर सापडलं की बावीसची यादी आपोआप सात-आठवर येईल.

रायगडावर तरी बांधकाम म्हणून किती उरलंय? बाजारपेठेची जोती, राणीवशाच्या भिंती, दरवाजे, टाकी. तरीही बाबा होळीच्या माळावर उभे राहिले की त्यांना सगळं दिसतं, कारण ती गोष्ट चौथीच्या पुस्तकापासून अंगात मुरलेली आहे. आयर्लंडची गोष्ट आपल्या अंगात नसते. त्यामुळे पहिला मठ सुंदर वाटतो, दुसरा बरा वाटतो, आणि तिसऱ्याला माणसं गाडीतून उतरायला कंटाळतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता एका सहलीत दोनपेक्षा जास्त पडके मठ मी घेतच नाही.

त्यात इथली आणखी एक अडचण आहे. या मठांमधला ऐवज मठांत नाही. इ.स. ७९५ पासून व्हायकिंगांचे हल्ले सुरू झाले. पुढे सोळाव्या शतकात इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीनं मठ बरखास्त केले, तेव्हा जमिनी गेल्या, घंटा गेल्या, छपरावरचं शिसंसुद्धा गेलं. छप्पर गेलं की पावसाच्या या देशात भिंतींचे काय हाल होतात ते सांगायला नको. काही मौल्यवान वस्तू कुणीतरी घाईघाईनं जमिनीत पुरून ठेवल्या, काही पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांनी सांभाळल्या. त्यातल्या कितीतरी आज डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या पुरातत्त्व विभागात आहेत. म्हणजे वाडा एका गावात आणि वाड्यातलं सामान दुसऱ्या गावात. म्हणून माझा एकच आग्रह असतो : आधी वस्तू, मग वास्तू. पहिला दिवस संग्रहालयाला द्या, गावाबाहेर नंतर पडा. बरेच जण उलट करतात. संग्रहालय शेवटच्या दिवशी, विमानाच्या आधी उरकतात. तोवर सगळे मठ मुके राहून गेलेले असतात.

या संग्रहालयाला तिकीट नाही. रविवारी आणि सोमवारी ते दुपारी उघडतं, एवढं ध्यानात ठेवा. आत दोन तासांपेक्षा जास्त थांबू नका आणि सगळं पाहायचा प्रयत्न तर मुळीच करू नका. मी चारच गोष्टी दाखवते. पहिली, आर्दाघचा चषक. १८६८ मध्ये लिमरिक परगण्यात बटाटे खणताना तो सापडला. आठव्या शतकातलं चांदीचं काम, त्यावर सोन्याच्या तारेची नक्षी इतकी बारीक की डोळे काचेला टेकवावे लागतात. दुसरी, संत पॅट्रिकची घंटा. लोखंडी पत्रा वाकवून, रिबिटं मारून, वर काशाचा थर दिलेली. दिसायला अगदी गुराच्या गळ्यातल्या घंटेसारखी. आणि तिच्यासाठी इ.स. ११०० च्या सुमाराला घडवलेली सोन्याचांदीची पेटी. साधी घंटा आणि राजेशाही पेटी एकत्र पाहिली की या लोकांची भक्ती कशावर होती ते कळतं. तिसरी, क्लॉनमॅकनॉइज मठाच्या मठाधिपतीचा दंड. चौथी गोष्ट आईंना विचारून दाखवा, कारण ती मृत माणसाची आहे : पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, दलदलीत दोन हजारांहून जास्त वर्षं टिकून राहिलेला 'ओल्ड क्रोहन मॅन'. डोकं नाही, पाय नाहीत. पण हाताची नखं शाबूत आहेत, स्वच्छ, नीट निगा राखलेली. त्यावरून अभ्यासक म्हणतात की हा कष्टकरी नव्हता, मोठ्या घरचा होता आणि त्याचा बळी दिला असावा. दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त परिचारिका माझ्याबरोबर होत्या. त्या त्या हातासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "नखं कापलेली आहेत हो याची." त्यानंतर त्यांना आयर्लंडमध्ये काहीच 'पडकं' वाटलं नाही.

आता ग्लेन्डालॉखला जा. डब्लिनपासून तासाभराचा रस्ता, विकलोच्या डोंगरात, दोन तळ्यांच्या खोऱ्यात. सहाव्या शतकात संत केविननं इथे मठ वसवला. आवारात फिरायला तिकीट लागत नाही, माहितीकेंद्राला लागतं. इथला सुमारे ३० मीटर उंच गोल मनोरा सगळे फोटोत घेतात, आणि बहुतेक गाइड सांगतात की दार जमिनीपासून साडेतीन मीटर वर आहे ते व्हायकिंग आले की शिडी ओढून घेण्यासाठी. पण आयरिश भाषेत या मनोऱ्याला म्हणतात 'क्लोग्थाख', म्हणजे घंटाघर. वरच्या मजल्याला चार दिशांना चार खिडक्या आहेत. भिक्षू वर जाऊन हातातली घंटा वाजवायचा, तीच काल तुम्ही काचेत पाहिली त्या जातीची. दार उंचावर असण्याचं एक साधं कारण असं की या मनोऱ्यांचा पाया उथळ असतो आणि जमिनीलगत भोक पाडलं तर बुंधा कमकुवत होतो. आसरा म्हणून तो फारसा कामाचाही नव्हता. ९५० मध्ये स्लेन गावचा असाच मनोरा आतल्या माणसांसकट जाळल्याची नोंद इतिवृत्तांत आहे. उभी पोकळ नळी म्हणजे आगीला धुराडंच की. हे बाबांना मनोऱ्याखाली उभं करून सांगा. किल्ल्यांचे दरवाजे पाहिलेला माणूस आहे, लगेच वाद घालतील. वाद घातला की समजा जागा त्यांना भावली.

आईंसाठीही ही जागा चांगली. खालच्या तळ्याच्या बाजूनं लाकडी फळ्यांचा सपाट रस्ता आहे. स्मशानातून चालताना मात्र गवत ओलं आणि दगड निसरडे असतात. चपला-सॅंडल नकोत, तळव्याला पकड असलेले बूटच हवेत.

न्यूग्रेंजबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण घोळ सगळ्यात जास्त तिथेच होतो. हे थडगं म्हणा, मंदिर म्हणा, इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं आहे, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्या कितीतरी आधीचं. साधारण ८५ मीटर रुंदीचा गोल ढिगारा, भोवती ९७ मोठ्या शिळा, आत १९ मीटरचा अरुंद बोळ आणि शेवटी खोली. दगडावर दगड पुढे सरकवत छत साधलेलं आहे, चुना नाही, आणि आत अजून पाणी गळत नाही. दाराच्या वर एक वेगळी फट आहे. २१ डिसेंबरच्या आसपास उगवत्या सूर्याचा किरण त्या फटीतून शिरून खोलीपर्यंत पोहोचतो आणि सुमारे १७ मिनिटं आत राहतो. पुरातत्त्वज्ञ मायकल ओ'केली यांनी १९६७ मध्ये स्वतः आत बसून हे पाहिलं. त्या दिवसांसाठी सोडत निघते. एरवी आत सगळे दिवे घालवून विजेच्या दिव्यानं तोच किरण दाखवतात. नकली आहे हे माहीत असूनही अंधारात ती पिवळी रेघ जमिनीवरून सरकत पायाशी आली की कुणी बोलत नाही. मी शंभरदा तरी गेले असेन, माझंही दर वेळी तेच होतं.

थेट न्यूग्रेंजपाशी गाडी नेता येत नाही. ब्रू ना बोइन्या माहितीकेंद्रात जायचं, तिथून त्यांच्याच बसनं, ठरलेल्या वेळेला, गाइडबरोबर. तिकिटं साधारण महिनाभर आधी ऑनलाइन खुली होतात आणि आत जायच्या जागा कमी असतात. माझ्या पहिल्या वर्षी मी बुकिंग न करता एका कुटुंबाला घेऊन गेले होते. खिडकीवरून परत फिरावं लागलं, आणि आजोबांचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. त्या दिवसापासून मी आधी न्यूग्रेंजची तारीख पक्की करते, बाकीची सहल तिच्याभोवती बसवते. बोळात दोन-तीन ठिकाणी वाकून, अंग चोरून जावं लागतं. आईंचा गुडघा किती वाकतो त्यावर ठरवा. बाहेर थांबल्या तरी प्रवेशशिळेवरची सर्पिलं पाहण्यात वेळ जाईल. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी सगळ्यात शेवटी आत शिरावं, म्हणजे बाहेर पडताना पहिला नंबर लागतो.

बाबांसाठी एक मुद्दा राखून ठेवा. न्यूग्रेंजची दर्शनी पांढरी गारगोटीची भिंत ही १९७० च्या दशकातली पुनर्रचना आहे. गारगोट्या जुन्याच, विकलोच्या डोंगरातून आणलेल्या. पण त्या भिंतीत होत्या की जमिनीवर अंथरलेल्या होत्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. शेजारी नाउथचा असाच जुना ढिगारा आहे, तिथे तशाच गारगोट्या दारापुढे जमिनीवर ठेवल्या आहेत. एकाच दिवशी दोन्ही पाहता येतात. गडकोटांची डागडुजी कशी करावी यावर आपल्याकडे घरोघरी मतं असतात, तेव्हा ही तुलना त्यांना नक्की आवडेल.

परतताना जवळच मोनॅस्टरबॉइसला थांबा. तिकीट नाही, फाटक नाही, साधी गावची दफनभूमी आहे. तिथे म्युइरेडाखचा साडेपाच मीटर उंच दगडी क्रूस हजारेक वर्षं उघड्यावर उभा आहे. वीरगळावर असतात तसे चौकटी-चौकटींत प्रसंग कोरलेले. बुंध्याशी खाली वाका. दोन मांजरं कोरलेली दिसतील आणि त्यांच्या वर जुन्या आयरिशमधला लेख : 'ओर दो म्युइरेडाख', म्हणजे ज्यानं हा क्रूस करवून घेतला त्या म्युइरेडाखसाठी प्रार्थना करा. संध्याकाळचं तिरपं ऊन असेल तर अक्षरं उठून दिसतात, भर दुपारी दगड सपाट वाटतो. म्हणून सकाळी न्यूग्रेंज आणि दुपार कलल्यावर मोनॅस्टरबॉइस, हा क्रम मोडू नका.

दुसरा लांबचा मठ कोणता? क्लॉनमॅकनॉइज की कॅशेल, हे बहिणीकडे गाडी आहे का यावर अवलंबून आहे. दोन्ही डब्लिनहून साधारण दोन तास. क्लॉनमॅकनॉइज शॅनन नदीच्या काठावर, संत किअरननं सहाव्या शतकात स्थापन केलेला. तिथे गाडीशिवाय पोहोचणं जिकिरीचं आहे. पण ज्याचा दंड तुम्ही संग्रहालयात पाहिला तो मठाधिपती इथलाच, आणि 'ओर दो'नं सुरू होणाऱ्या कबरशिळांचा मोठा संग्रह इथे आहे. मोनॅस्टरबॉइसला ती अक्षरं ओळखायला शिकलात की इथे आई स्वतः वाचतील. कॅशेल बाहेरून जास्त भव्य. मैदानातून एकदम उठलेला कातळ, त्यावर मन्स्टर प्रांताच्या राजांची गादी होती, ११०१ मध्ये ती जागा चर्चला दिली गेली. ११३४ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या कॉर्मॅकच्या प्रार्थनामंदिरात भित्तिचित्रांचे तुकडे शिल्लक आहेत. वालुकाश्म शतकानुशतकं पाणी पीत राहिला म्हणून ते अख्खं मंदिर काही वर्षं छताखाली झाकून वाळवावं लागलं. चढ लहान पण उभा आहे. माझा कौल गाडी असेल तर क्लॉनमॅकनॉइजला, नसेल तर कॅशेलला. दोन्ही एकाच सहलीत नकोत.

किलमेनहॅमचा तुरुंग मात्र बाबांसाठी चुकवू नका. इथे गोष्ट शिकावी लागत नाही. १७९६ ते १९२४ हा तुरुंग चालला. एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला, आणि त्याच महिन्यात लोकमान्यांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. 'होमरूल' हा शब्दच आयर्लंडच्या लढ्यातून आलेला. उठाव चिरडल्यावर ३ ते १२ मे या काळात १४ जणांना या तुरुंगाच्या अंगणात गोळ्या घातल्या. उठावाचा एक नेता जेम्स कॉनली जखमी होता, त्याला उभंही राहता येत नव्हतं, त्याला खुर्चीत बसवून मारलं. अंगणात दोन टोकांना दोन साधे काळे क्रूस आहेत, एक तेरा जणांचा आणि दुसरा फाटकाजवळचा, कॉनलीचा. त्या चौदांपैकीच जोसेफ प्लंकेटनं मृत्यूच्या आदल्या रात्री तुरुंगाच्याच प्रार्थनागृहात ग्रेस गिफर्डशी लग्न केलं, ते प्रार्थनागृहही दाखवतात. चाफेकरांच्या, लोकमान्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला त्या अंगणात काही समजावून सांगावं लागत नाही. तिकिटं चार आठवडे आधी खुली होतात आणि लगेच संपतात. हुकलीत तर भेटीच्याच दिवशी सकाळी लवकर संकेतस्थळ पाहा, रद्द झालेली तिकिटं तिथे परत येतात.

आता आईंच्या बागा. ग्लासनेव्हिनची राष्ट्रीय वनस्पती उद्यान ही माझी पहिली शिफारस. १७९५ मध्ये सुरू झालेली, प्रवेश मोफत, रस्ते सपाट, बाकं भरपूर. रिचर्ड टर्नरनं उभारलेली लोखंड आणि काचेची वळणदार हरितगृहं पाहायला स्थापत्याचे विद्यार्थी येतात. पण या बागेत एक वेगळी आठवणही आहे. ऑगस्ट १८४५ मध्ये इथले प्रमुख डेव्हिड मूर यांना बागेतल्या बटाट्याच्या पानांवर करपा दिसला. त्यानंतरच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि रोगराईनं गेली, आणखी दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. आयर्लंडच्या पश्चिमेकडे डोंगरउतारावर गवताखाली समांतर वरंबे दिसतात, ते त्या काळच्या बटाट्याच्या वाफ्यांचे. कुणी पुन्हा तिथे लावणी केलीच नाही. ही बाग पाहून मग ते वरंबे पाहिले तर ते नुसते हिरवे डोंगर राहत नाहीत.

दुसरी बाग पॉवर्सकोर्ट. ग्लेन्डालॉखच्या वाटेवरच पडते, ४७ एकर, इटालियन धर्तीच्या उतरत्या गच्च्या, मागे शुगरलोफ डोंगर. ही खासगी आहे, कार्ड चालत नाही. तळ्यापर्यंत पायऱ्या आहेत, पण वरच्या गच्चीत बसूनही सगळं दिसतं. गुडघा दुखत असेल तर तिथेच चहा घ्या.

एक ठिकाण तुमच्या यादीत नाही, ते घाला : डब्लिन किल्ल्याच्या आवारातलं चेस्टर बीटी संग्रहालय. मोफत आहे. खाणउद्योगात पैसा कमावलेल्या एका अमेरिकन संग्राहकानं जमवलेली हस्तलिखितं. त्यात मुघल लघुचित्रं अप्रतिम आहेत. नाजूक कागद असल्यामुळे पानं बदलत ठेवतात, पण काही ना काही भारतीय बहुतेक वेळा मांडलेलं असतं. आईंना पावसाच्या दिवशी इथे आणा, वर गच्चीवर छोटी बागही आहे.

यादीतून काय काढायचं तेही सांगते. स्केलिग मायकल काढा. समुद्रातल्या सुळक्यावर ६१८ दगडी पायऱ्या, कठडा नाही, वर स्वच्छतागृह नाही, आणि हवा बिघडली की होडी रद्द. त्या गुडघ्यानं नकोच. जायंट्स कॉजवे उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत आहे. सीमेवर कुणी अडवत नाही, म्हणून लोक बिनधास्त जातात, पण ब्रिटनमध्ये चालणारा व्हिसा नसेल तर ते बेकायदा आहे. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे बऱ्याच युरोपीय देशांच्या सामाईक व्हिसात, नाही, शेंगेन व्हिसावर इथे येता येत नाही. भारतीयांच्या आयरिश व्हिसावर ब्रिटिश-आयरिश योजनेचा शेरा असेल तर दोन्हीकडे फिरता येतं, तो आहे का हे व्हिसा हातात आल्यावर नीट बघा. ट्रिनिटी कॉलेजमधलं 'बुक ऑफ केल्स' हे जुनं सचित्र हस्तलिखित आवडीवर. एका वेळी उघडी असलेली पानंच दिसतात, तिकीट महाग आहे, गर्दी असते. सुलेखनाची आवड असेल तर जा.

राहिला कार्डाचा हिशेब. मी शेवटचं पाहिलं तेव्हा प्रौढांना ४० युरो आणि ६० वर्षांपुढच्यांना ३० युरो होते, पहिल्या वापरापासून वर्षभर चालतं. तुम्ही येण्याआधी दर एकदा तपासा. कार्ड फक्त सरकारी सार्वजनिक बांधकाम कार्यालयाच्या ठिकाणी चालतं : न्यूग्रेंज, किलमेनहॅम, कॅशेल, क्लॉनमॅकनॉइज, ग्लेन्डालॉखचं माहितीकेंद्र, डब्लिन किल्ला, किलकेनी किल्ला, ट्रिम किल्ला वगैरे. मोहेरचे कडे, ब्लार्नी, पॉवर्सकोर्ट, ट्रिनिटी इथे नाही. मी सांगितलेल्या क्रमात मोफत जागा बऱ्याच आहेत, सशुल्क सरकारी ठिकाणं चार-पाचच. एवढ्यात ज्येष्ठांचं कार्ड जेमतेम वसूल होतं. किलकेनी किंवा ट्रिमही घेणार असाल तर घ्या, नाहीतर सुटी तिकिटं काढा. बहीण इथेच राहते ना? मग तिनं मात्र घ्यावंच, वर्षभर वापरेल. आणि कार्ड म्हणजे बुकिंग नव्हे. न्यूग्रेंज आणि किलमेनहॅमला कार्ड असलं तरी वेळ आधी राखून ठेवावीच लागते.

थोडक्यात माझा क्रम असा : पहिला दिवस किल्डेअर स्ट्रीट, दुसरा पॉवर्सकोर्ट आणि ग्लेन्डालॉख, तिसरा ग्लासनेव्हिन आणि विश्रांती, चौथा न्यूग्रेंज-नाउथ-मोनॅस्टरबॉइस, पाचवा किलमेनहॅम, सहावा क्लॉनमॅकनॉइज किंवा कॅशेल. उरलेले दोन दिवस मोकळे ठेवा, एक पावसासाठी आणि एक बहिणीसाठी. बहुतेक ठिकाणी बंद व्हायच्या पाऊण तास आधीच प्रवेश थांबतो, त्यामुळे "चारला पोहोचू, पाचपर्यंत बघू" असं धरून चालू नका. जेवणाची काळजी नको. अशा ठिकाणच्या चहाघरांत भाज्यांचं सूप आणि ब्राउन ब्रेड बहुधा मिळतोच. सूप कोणत्या पाण्यात केलंय एवढं मात्र विचारून घ्या, कधीकधी त्यात कोंबडीचं पाणी असतं.

तारखा नक्की झाल्या आणि बहिणीकडे गाडी आहे का ते कळलं की कळवा. सहाव्या दिवसाचं वेळापत्रक मी तासांसकट लिहून देईन.